फोटोत न मावलेल्या शशिकलाताई

नाही नाही, फोटो छानच होते हो, कोण नाही म्हणतंय! विजयराव, तुम्ही बसा, तुमची पावभाजी गार होतेय... फोटो अप्रतिम, डोंगर काय, बर्फ काय, गळ्यात घंटा बांधलेली ती गाय काय! गायीचे तर सात फोटो होते, मी मोजले. एकूण अडतीस. त्यातले सात गायीचे, एकोणीस विजयरावांचे, सहा गार्गीचे, चार नुसत्या ढगांचे, आणि आमच्या शशिकलाताईंचे किती? दोन! एकात त्या तिघांच्या बॅगा कवटाळून बसल्यात आणि दुसऱ्यात त्यांची फक्त टोपी आलीय. आणि वर माइकवरून विजयराव काय म्हणतात, असा घसा साफ करून, "मिसेसही होती बरोबर." अहो, छत्री असते बरोबर! पाण्याची बाटली असते बरोबर!

म्हणून मी माइक घेतला. पाच मिनिटं म्हणून घेतलाय, पण सेक्रेटरीसाहेब, घड्याळाकडे बघू नका, स्लाइड शोला पाऊण तास दिलात तेव्हा नाही बघितलंत. मी संजीवनी, इथे दोहात अल मुंतझामध्ये यांच्याच बिल्डिंगमध्ये राहते, ताई चौथ्या मजल्यावर, मी पाचव्यावर, त्या फोडणी देतात आणि ठसका मला लागतो, इतका घरोबा. हा सगळा प्रवास मला त्यांनी तीनदा सांगितलाय, एकदा मेथी निवडताना, एकदा डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघताना आणि एकदा रडत रडत. ताई, तुम्ही खाली बघू नका हो, वर बघा! मी खोटं बोलले तर तिथल्या तिथे थांबवा.

तर मार्चमधली गोष्ट. विजयराव डिसेंबरमध्ये रिटायर होणार, गॅस कंपनीतली चोवीस वर्षांची नोकरी खलास, मग बाडबिस्तारा घेऊन नाशिक. तर जायच्या आधी काहीतरी मोठं करायचं त्यांच्या मनानं घेतलं. माणसं अशा वेळी सोनं घेतात, कार्पेट घेतात, फार तर मोठा टीव्ही घेतात. यांनी घेतले आल्प्स! कारण काय, तर विजयरावांना युद्धाचा नाद. जेवताना टीव्हीवर रणगाडे लागतात, आमटीत पाव बुडवला की तिकडे पूल उडतो. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर म्हणे डोंगरांची एक रांग आहे, कार्निक आल्प्स, तिथे पहिल्या महायुद्धात दोन्हीकडचे सैनिक शिखरांवर खंदक खणून बसले होते, अन् आता त्याच खंदकांतून पाच दिवसांची पायवाट जाते, रोज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, रात्री हटमध्ये मुक्काम. हट म्हणजे आपली धर्मशाळा समजा, एका खोलीत बारा जण फळ्यांवर ओळीनं झोपलेले.

आता विजयराव प्लॅनिंग इंजिनीअर. ते साधी साबुदाण्याची खिचडी खायची तरी आधी एक्सेल शीट काढतील. शीट निघाली, तीन फळ्या बुक झाल्या, विजयराव, मुलगा शौनक आणि मुलगी गार्गी. आणि आई? "तू खाली गावात हॉटेलात राहा, शशी, छान बाल्कनी आहे, पुस्तक वाच." बाल्कनी! पाच दिवस बाल्कनीत!

आणि मग शौनकची रजा रद्द झाली. तो रॉटरडॅमला असतो, ऑफिसात काहीतरी ऑडिट निघालं, झालं, एक फळी रिकामी. विजयराव डायनिंग टेबलावर बसून फोन लावतायत, "अरे, येतोस का, एक बंक वाया चाललाय," पहिला नाही म्हणाला, दुसऱ्याला स्लिप डिस्क, तिसऱ्याची बायको नाही म्हणाली... तुम्हाला सांगते, नऊ जणांना विचारलं त्या माणसानं! यातले चार तर इथेच बसलेत, पाण्याचा ग्लास तोंडाला लावून. नऊ फोन, आणि समोर ताई उभ्या, हातात आमटीची पळी. दहावा नंबर शोधायला लागले तेव्हा ताईंनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी येणार."

विजयराव हसले. हसलात ना हो? हसलेच! म्हणाले, "अगं, ती हाइक आहे, सारसबाग नाही. रोज सात-सात तास चालायचं, वय छप्पन तुझं, तुला झेपणार नाही."

तर ताई म्हणाल्या, "झेपतं की नाही ते डोंगर सांगेल, तुम्ही कशाला सांगताय?"

हे काही फोटोत नाही!

मग साहेबांनी शीटमध्ये नवीन कॉलम काढला, नियम. सगळी वाट पायी. प्रत्येक हटवर एक शिक्का मिळतो, वहीत पाच शिक्के झाले की शेवटच्या गावात बिल्ला मिळतो, आणि एक जरी टप्पा गाडीनं केला तरी शशिकला ताबडतोब हॉटेलात, बाल्कनीत, चर्चा नाही. नियम फक्त ताईंना, बरं का, गायीला नाही. ताईंनी चष्मा लावला, नियम वाचले आणि म्हणाल्या, "चालेल." पाच शिक्के, स्वतःच्या पायांवर. त्या दिवसापासून बाईच्या डोक्यात दुसरं काही नाही.

आता प्रॅक्टिस कुठे करायची? तुम्हीच सांगा, दोहात चढ कुठाय? सगळा देश पोळपाटासारखा सपाट! इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर, आणि तिथे बाई चालायला लागली तर पोलीस विचारतील गाडी कुठे बंद पडली. विजयराव जायचे एसी जिममध्ये, ट्रेडमिलवर टीव्ही लावून तिकडेही रणगाडेच बघायचे. आणि ताईंनी धरला बिल्डिंगचा जिना. बारा मजले! जिन्याला एसी नाही, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तो जिना म्हणजे भट्टी हो, कठड्याला हात लावला तर पापड भाजून निघेल. ताई रोज सकाळी पाठीवर बॅग, बॅगेत पाच किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या, खालून वर बारा मजले. मग लिफ्टनं खाली. परत वर. परत लिफ्टनं खाली. दहा फेऱ्या!

आणि अख्खी बिल्डिंग मदतीला. वॉचमन इरशादभाई खाली खुर्ची टाकून बसायचे, मोजायचे, "बाजी, सातवाँ हो गया, माशाल्ला!" आणि ताई बाराव्यावर पोचायच्या आधी लिफ्ट वर पाठवून ठेवायचे, त्यांच्या बाजींना, म्हणजे मोठ्या बहिणीला, एक सेकंद थांबायला नको. बाराव्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स दार उघडून पाणी द्यायची. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, पाचव्यावर उभी राहून टाळ्या वाजवायचे. आम्हा सगळ्यांना इतका अभिमान! चार महिन्यांत बाई किती मजले चढल्या असतील, हिशोबच नाही. आणि उतरल्या किती? शून्य! एकसुद्धा नाही! एकाच्याही डोक्यात आलं नाही हो, ना माझ्या, ना इरशादभाईंच्या, ना त्या नर्सच्या, जिचं शिक्षणच हाडामांसाचं, की डोंगर चढल्यावर वर लिफ्ट नसते. चढायचे स्नायू वेगळे आणि उतरायचे वेगळे, हे आम्हाला ताईंच्या गुडघ्यांनी इटलीतून कळवलं.

पण ते चौथ्या दिवशी. आधी पहिला दिवस ऐका, कारण त्या सकाळचा तर एकही फोटो नाही. पहिला दिवस रविवार. शीटमध्ये लिहिलेलं, सकाळी आठ वीस, गावातून बस, डोंगराच्या पायथ्याशी उतरणे. हे तिघे स्टॉपवर उभे. आठ वीस झाले, नऊ झाले, साडेनऊ झाले, बस नाही. गावात चिटपाखरू नाही, दुकानं बंद, बेकरी बंद, फक्त चर्चची घंटा. शेवटी एक म्हातारबुवा कुत्र्याला घेऊन आले, त्यांनी विचारलं, "बस? टुडे? बट इट इज संडे!"

अहो, रविवार! चोवीस वर्षं इथे रविवारी ऑफिसला गेलेला माणूस, त्यानं रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस धरून प्लॅन केला, "वीकेंडची गर्दी नको, रविवारी सगळं सुरळीत असतं," असं शीटमध्ये खाली नोट म्हणून लिहिलंय. बसला सुट्टी शुक्रवारी असणार असं यांनी गृहीत धरलेलं! कॉलेजच्या पोरालाही कळलं असतं, पण नाही, प्लॅनिंग इंजिनीअर!

गार्गी म्हणाली, "बाबा, सीरियसली?" विजयराव म्हणाले, "टॅक्सी बघू." आणि ताई काय म्हणाल्या? "सगळी वाट पायी. नियम तुमचाच आहे." आणि बॅग चढवून चालायलाच लागल्या की! नऊ किलोमीटर डांबरी रस्ता, उन्हातून, आणि मग तिथून खरा डोंगर. ऑगस्टचं ऊन हो, पण चोवीस डिग्री. चोवीस! आमच्या जिन्यात बेचाळीस असायचे. ताई म्हणतात, "संजीवनी, मला वाटलं कुणीतरी एसी लावलाय." त्या निघाल्या ते सगळ्यांच्या पुढे. पाच-दहा मिनिटांनी मागे वळून बघायच्या, तर खाली दोन ठिपके, एक गार्गी आणि एक धापा टाकणारा. मग ताई दगडावर बसायच्या, कॅमेरा काढायच्या आणि ठिपका जवळ आला की म्हणायच्या, "अहो, हसा." विजयरावांचे ते एकोणीस फोटो, छाती पुढे, नजर शिखराकडे, ते कुणी काढलेत असं वाटतं तुम्हाला? आधी वर पोचल्याशिवाय वरून फोटो काढता येतो का?

पहिला शिक्का. दुसऱ्या दिवशी अकराशे मीटर चढ, दुसरा शिक्का. बाई नुसत्या उडत होत्या. जेवायला पोलेंटा, म्हणजे आपला मक्याच्या पिठाचा उपमाच, पण फोडणी द्यायची राहून गेलेला. ताईंनी बॅगेतनं मेतकुटाची पुडी काढली, हटच्या स्वयंपाकघरात जाऊन तूप मागितलं, लोणी मिळालं, कढवलं, आणि विजयरावांच्या शेजारच्या फळीवरचा एक झेक माणूस दोन वेळा वाढून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी खंदक. आता विजयराव इंजिनीअरचे गाइड झाले! "इथे ऑस्ट्रियन, तिथे इटालियन, मध्ये फक्त तीस मीटर, या भोकातून मशीनगन..." खरंय, जागाच तशी आहे म्हणतात ताई. दगडात खोदलेले बोगदे, काटेरी तारा अजून गंजत पडल्यात, सडलेले डबे, एका ठिकाणी बुटाचा तळ, खिळ्यांसकट. विजयराव तोफांबद्दल बोलत होते आणि ताईंनी मध्येच विचारलं, "अहो, पण एवढ्या वर यांना जेवण कोण आणून द्यायचं?"

विजयराव थांबले. म्हणाले, "लॉजिस्टिक्स असतं गं सैन्याचं."

लॉजिस्टिक्स! संध्याकाळी हटवर पोचले, तिसरा शिक्का झाला, उतारावर गुडघा थोडा कुरकुरला होता म्हणून ताई शेकोटीजवळ पाय पसरून बसल्या, तर समोर भिंतीवर लॉजिस्टिक्सचा फोटो. दहा-बारा बायका, लांब झगे, डोक्याला रुमाल, पाठीवर ही एवढी मोठी टोपली, आणि एकीच्या हातात विणकामाच्या सुया. हट चालवणारी बाई होती, ताईंच्याच वयाची, तिला विचारलं. ती म्हणाली, खालच्या गावातल्या बायका या. नवरे लढाईला गेलेले. रात्री उठून गोठा करायचा, पोरांचं करायचं, आणि मग टोपलीत तीस-चाळीस किलो दारूगोळा, भाकरी, कपडे भरून तीन-चार तास डोंगर चढायचा. चढताना हात रिकामे म्हणून मोजे विणायच्या! हिची पणजी होती त्यात. ताईंनी विचारलं, "आणि उतरताना?" तिनं शेकोटीत एक लाकूड सारलं. म्हणाली, उतरताना कधी मळलेले कपडे असायचे, कधी जखमी माणूस असायचा स्ट्रेचरवर, कधी मेलेला.

फोटोखाली इटालियनमध्ये काहीतरी लिहिलं होतं. गार्गीनं फोनवर लावून बघितलं. बाजूला एक कॅप्टन उभा होता, त्याचं नाव होतं. एक खेचर होतं, त्याचंही नाव होतं, बियांका. बायकांखाली नुसतं, पोर्टर्स.

ताई तशाच जाऊन फळीवर आडव्या झाल्या. पण मला सांगताना म्हणाल्या, "संजीवनी, त्या रात्री मला झोपच लागेना. खेचराचं नाव होतं गं."

आणि चौथा दिवस. सकाळी उठल्या तर दोन्ही गुडघे असे टम्म, पोळीसारखे फुगलेले. आणि शीटमध्ये त्या दिवशी काय? नऊशे मीटर उतार! सैनिकांनी कातळात खोदलेल्या पायऱ्या, बाजूला धरायला लोखंडी दोर, खाली दरी. चाळीस पायऱ्या उतरल्या ताई, एकेका पायरीला डोळ्यांपुढे काजवे, आणि एक्केचाळिसाव्या पायरीला गुडघ्यानं सांगितलं, नाही. बसल्या. उठताच येईना. चार महिने, दहा-दहा फेऱ्या, ते आट्याचं वजन, सगळं त्या एका पायरीवर येऊन बसलं. आणि बाई रडल्या हो. मोठ्यानं नाही, टोपी पुढे ओढून. तोच तो टोपीचा फोटो, गार्गीनं मागचं शिखर काढायला म्हणून काढलेला.

विजयराव खाली चार पायऱ्यांवर. तेही घाबरलेले, मी नाही म्हणत नाही, घाबरले की त्यांचं शीट सुरू होतं. "हे बघ, हट वर वीस मिनिटांवर आहे. त्या बाईंची जीप दहा वाजता मागच्या जंगलातल्या रस्त्यानं खाली जाते, मळलेल्या चादरी आणि रिकामे सिलिंडर घेऊन. त्यात बस, हॉटेलात जा, आराम कर. तीन शिक्के पण काही कमी नाहीत. खलास."

ताईंनी टोपी वर केली. "मी काय रिकामा सिलिंडर आहे?"

"अगं पण तुला झेपत नाहीये ना!"

आणि तुम्हाला सांगते, तिथे, त्या पायरीवर, एका बाजूला दरी, बाई अशा काही बोलल्या की गार्गीच्या हातातली चॉकलेटची वडी खाली पडली. "त्या बायकांना कुणी विचारलं होतं झेपतं का? चाळीस किलो पाठीवर, बर्फात, वरून गोळ्या! युद्ध असलं की बाईला सगळं झेपतं. शांतता झाली की तिच्यासाठी बाल्कनी! मी जीपमध्ये बसणार नाही. तुम्हाला जायचं तर जा तुम्ही!"

ताई तशाच रागानं उठल्या, दोर धरला, परत वर तोंड केलं. खरं सांगू, त्यांनाही ठाऊक नव्हतं पुढे काय करणार, नुसतं नवऱ्याकडे पाठ करायची होती. आणि तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे असताना त्यांचा एक पाय चुकून खालच्या पायरीवर गेला... आणि दुखलंच नाही! दुसरा टाकला. नाही दुखलं! अहो, माळ्यावरून लोणच्याची बरणी काढून आपण शिडी कशी उतरतो? भिंतीकडे तोंड करूनच ना? आयुष्यभर बाई तशीच उतरत आलीय! उलटी!

मग काय! नऊशे मीटर! नऊशे मीटर डोंगर बाई उलट्या उतरल्या! दोर दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल मागे. आणि मागचं दिसत नाही म्हणून खाली विजयराव उभे, हात हलवत, लग्नाच्या हॉलबाहेर गाडी लावून देतात ना तसे, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे... अजून डावीकडे... बस्स! आता खोल पायरी आहे, हळू, येऊ दे..." आणि ही बाई, जी दोहात ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा फक्त रिव्हर्समध्ये नापास झालीय! तिसऱ्या वेळी त्या परीक्षकानं हात जोडले होते. ती बाई आल्प्समध्ये रिव्हर्सनं सहा तास!

हे काही फोटोत नाही!

पाटीवर लिहिलेलं अडीच तास. यांना लागले सहा. खालून लोक चढत यायचे, वरून उतरत जायचे, सगळे कडेला उभे राहून बघायचे. एकानं गार्गीला विचारलं, ही कुठली पद्धत? गार्गी, जिला शाळेत आईनं डब्यात थालीपीठ दिलं की लाज वाटायची, ती मान ताठ करून म्हणाली, "दॅट्स माय मदर." एवढंच. पद्धत वगैरे काही नाही. एक जर्मन आजोबा होते, सत्तरीचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, ते थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनीही गपचूप तोंड फिरवलं आणि ताईंच्या वर उलटे उतरायला लागले. आता विजयरावांना दोन गाड्या! "शशी, येऊ दे! सर, स्टॉप! सर, लेफ्ट, लेफ्ट!"

आणि ताई म्हणतात, सगळे लोक दरी बघत उतरतात, शिखरं बघतात, त्यांच्या नाकासमोर मात्र सहा तास नुसता कातळ होता. छिन्नीची एकेक खूण दिसत होती. कुणीतरी हातानं फोडलेला. पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडलेले, खिळ्यांच्या बुटांचे असतील, नाहीतर त्या बायकांच्या कापडी चपलांचे. ताई प्रत्येक खळग्यात पाय ठेवत उतरल्या. म्हणाल्या, "मला एकटं वाटलंच नाही गं."

खाली कुरणात पोचल्या तेव्हा चार वाजायला आले होते. चौथी हट समोर. ताई गवतावर बसल्या, आणि विजयराव, ओरडून ओरडून घसा बसलेला, ते समोर खाली बसले आणि त्यांनी ताईंच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. एकेक करून. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःच्या नाड्या तरी सोडल्यात की नाही शंका आहे, कामावरून आले की बूट तसेच ओढून काढतात. मोजे काढले, पाय झऱ्याच्या पाण्यात धरले आणि मान वर न करता म्हणाले, "शशी, मी नऊ जणांना विचारलं गं." तेवढंच. आणि पाय चोळत राहिले. गार्गीच्या गळ्यात कॅमेरा होता. तिनं तो उचललाच नाही, तिला दिसतच नव्हतं काही.

हेही फोटोत नाही, आणि बरं झालं नाही ते.

चौथा शिक्का झाला. पाचव्या दिवशी चढ होता, म्हणजे ताईंना माहेर, आणि उतार असा सौम्य, की शेवटचा तासभर त्या गावाकडे पाठ करून गप्पा मारत उतरल्या. पाचवा शिक्का! गावातल्या टुरिस्ट ऑफिसात बिल्ला मिळतो, त्याच्यासाठी फॉर्म भरायचा. विजयरावांनी सवयीनं खिशातनं पेन काढलं. चोवीस वर्षं ताईंचे सगळे फॉर्म तेच भरतात ना, व्हिसाचा, मेडिकलचा, आयडीचा, नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर, व्यवसाय गृहिणी, ताईंनी फक्त सही करायची. तर ताईंनी हात पुढे केला, "द्या इकडे." चष्मा लावला. फॉर्मवर पहिली ओळ, ग्रुप लीडर. लिहिलं, शशिकला. दुसरी ओळ, बरोबर कोण. लिहिलं, नवरा एक, मुलगी एक.

विजयराव म्हणाले, "अगं, लीडर म्हणजे ज्यानं प्लॅन केला..."

ताई म्हणाल्या, "रविवारची बस?"

आणि साहेबांनी मुकाट्यानं बरोबरच्या रकान्यात सही केली! तो बिल्ला बघा, ताईंच्या पदराला लावलाय, तिथे मागून दिसणार नाही, ताई, जरा उभ्या राहा. राहा हो! हां, वाजवा टाळ्या! विजयराव, तुम्हीपण! ते बघा, तेच सगळ्यात जोरात वाजवतायत.

झालं, संपलंच, सेक्रेटरीसाहेब. एकच सांगायचं राहिलं. मघापासून तुमच्यातले निम्मे लोक माझ्या पायांकडे बघतायत, माझ्या लक्षात आलंय. पैठणीखाली हे एवढे बूट कशाला म्हणून. तर नाशिकला जायच्या आधी ताई ओमानच्या डोंगरात तीन दिवसांची हाइक काढतायत, फक्त बायकांची, अकरा नावं लिहून कागद फ्रिजला लावलाय, न विचारता, आणि पहिलं नाव माझं. मी परवा नकार द्यायला म्हणूनच खाली गेले होते. म्हटलं, "ताई, मला काही हे झेपणार..." आणि पुढचा शब्द तोंडातून निघेचना हो! त्या नुसत्या बघत होत्या माझ्याकडे. मग काय, इन्शाल्ला म्हणून आले आणि त्याच संध्याकाळी विजयराव स्वतः गाडी काढून मला बूट घ्यायला घेऊन गेले, म्हणाले, "वहिनी, वाद घालू नका, मी घालून बघितलाय." पंधरा दिवस घरीदारी, कार्यक्रमाला, सगळीकडे हेच बूट घालून फिरायचं, असा नियम आहे, आज तिसरा दिवस, दोन्ही टाचा सोलून निघाल्यात. तर कुणाकडे पर्समध्ये बँडेडची पट्टी असेल तर जेवणाच्या रांगेत हळूच माझ्या हातात द्या, आणि कृपा करून ताईंना दिसू देऊ नका.